गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या इतका जवळ कसा पोहोचतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सूर्यमालेत आतले ग्रह खडकाळ आणि बाहेरचे वायूचे आहेत. त्याचे कारण पाठ्यपुस्तकात असे दिलेले असते की सूर्याजवळच्या उष्णतेत फक्त खडक आणि धातू घनरूपात टिकले, दूरवर बर्फही टिकला, म्हणून मोठे ग्रह तिकडे घडले. मग दुसऱ्या ताऱ्यांभोवती गुरूएवढे ग्रह तीन-चार दिवसांत फेरी पूर्ण करण्याइतके जवळ कसे सापडतात? आणि सापडत असतील, तर नवजात ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या चकतीतून ग्रह घडतात हा सिद्धांतच सोडून द्यावा का? सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने हे विचारले याचा मला मनापासून आनंद झाला, कारण १९९५ साली या विषयातील जवळजवळ प्रत्येकाला हाच प्रश्न पडला होता. गेली सत्तावीस वर्षे मी तरुण ताऱ्यांभोवतीच्या चकत्यांचे गणित करतो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की चकतीचा सिद्धांत सोडण्याची गरज नाही. सोडावी लागली ती त्याच्या आडून आलेली एक समजूत, की ग्रह जेथे जन्मतो तेथेच आयुष्यभर राहतो.

सुरुवात ढगापासून करू. आकाशगंगेत रेणूंचे अतिशय थंड ढग आहेत. त्यांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर साधारण १० अंश असते, आणि वस्तुमानाच्या हिशेबाने त्यांत सुमारे ९९ टक्के वायू व एक टक्का धूळ असते. अशा ढगाचा एखादा दाट गाभा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत कोसळू लागतो. त्याला आधीपासून स्वतःभोवती फिरण्याची अगदी मंद गती असते, आणि कोनीय संवेग अक्षय्य असल्यामुळे आकार हजारो खगोलीय एककांवरून शंभरेक एककांवर आला की ती गती फार वाढते. (सूर्य-पृथ्वी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक.) अक्षाच्या दिशेने येणारे द्रव्य सरळ आत पडते, विषुवाच्या बाजूचे पडू शकत नाही, आणि मध्ये तारा व त्याभोवती पसरट चकती अशी रचना उरते. कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये याच धर्तीची कल्पना मांडली होती, परंतु त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे तिच्या बाजूने प्रत्यक्ष पुरावा जवळपास नव्हता. तो हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात मृग नक्षत्रातील तेजोमेघात दाखवला: नवजात ताऱ्यांभोवती काळ्या सावल्यांसारख्या दिसणाऱ्या चकत्या. हिवाळ्यात आपल्याकडून साध्या द्विनेत्रीतूनही त्या तेजोमेघाचा धूसर ठिपका दिसतो.

या चकत्यांचे आयुष्य फार थोडे असते, आणि ते पुढे सतत ध्यानात ठेवावे लागते. सुमारे ३० लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांभोवतीच्या चकत्या विरून जातात, आणि एक कोटी वर्षांनी वायूची चकती क्वचितच उरते. म्हणजे गुरूसारख्या ग्रहाला आपला सगळा वायू एवढ्याच मुदतीत गोळा करावा लागतो.

आता धुळीकडे येऊ. माझ्या दृष्टीने सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर आणि सर्वांत अवघड भाग हाच आहे. तुमच्या वडिलांचा पूर्व भागात टॉवेलचा कारखाना असल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे हे दृश्य तुम्ही रोज पाहत असाल. पाळी संपल्यावर यंत्रमागाखाली वाकून पाहिले, तर सुतापासून सुटलेल्या कापसाच्या बारीक तंतूंचे मऊ, भुसभुशीत पुंजके पडलेले दिसतात. ते कोणी वळलेले नसतात. हवेत तरंगणारे तंतू हळूच एकमेकांना टेकले, अडकले आणि वाढत गेले. असे दोन सैल पुंजके एकमेकांवर अलगद लोटले तर एक होतात. पण एखादा पुंजका मुठीत घट्ट दाबून त्याची गोळी केली आणि दुसऱ्या गोळीवर मारली, तर दोन्ही उडून बाजूला पडतात. चकतीतील धूळकण तंतूंप्रमाणे गुंतत नाहीत, ते रेणूंमधील क्षीण आकर्षणाने चिकटतात, हा फरक विसरू नका, मात्र पुढची हकिगत बरीच सारखी आहे. मायक्रॉनएवढे कण मंद गतीने भेटतात तेव्हा सैल पुंजके बनतात. वारंवारच्या टकरींनी पुंजके दाबले जाऊन घट्ट होतात, आणि मिलिमीटर-सेंटिमीटरच्या आकाराला पोहोचल्यावर चिकटण्याऐवजी उसळू लागतात. टकरीचा वेग सेकंदाला मीटरभर झाला की खडकाळ कण फुटायलाही लागतात.

यापुढे आणखी एक संकट येते. चकतीतील वायूला आतून बाहेर असा दाबाचा आधार असतो, म्हणून तो त्या अंतरावरच्या ग्रहापेक्षा किंचित सावकाश फिरतो. दगडाला असा आधार नसतो. त्यामुळे पृथ्वीएवढ्या अंतरावर दगडाला सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाचा वारा सतत समोरून लागतो. वायू विरळ असला तरी तो दगडाचा वेग खातो, आणि दगड आतल्या बाजूला घसरत जातो. १९७७ मध्ये वायडेनशिलिंग यांनी दाखवून दिले की या घसरणीचा सर्वाधिक तडाखा मीटरभर आकाराच्या दगडांना बसतो. पृथ्वीच्या अंतरावरून असा दगड शंभरेक वर्षांत ताऱ्यापर्यंत पोहोचतो. लाखो वर्षांच्या कामात शंभर वर्षे म्हणजे काहीच नव्हेत. सुटे दगड एकेक जोडून ग्रह घडवू पाहिले, तर ते घडण्याआधीच कच्चा माल संपून जातो.

आज सर्वाधिक मान्य असलेला मार्ग २००५ मध्ये युडिन आणि गुडमन यांनी सुचवला. पंढरपूरच्या रस्त्याने समोरच्या वाऱ्यात एकट्याने सायकल चालवून पाहा आणि मग दहा जणांच्या घोळक्यात चालवून पाहा. घोळक्यात वारा कमी लागतो. खड्यांचेही तसेच होते. जेथे ते थोडे अधिक जमतात तेथे ते आजूबाजूच्या वायूलाच आपल्याबरोबर ओढतात, त्यांना लागणारा वारा मंदावतो, घसरण कमी होते, आणि मागून घसरत येणारे सुटे खडे त्या घोळक्याला येऊन मिळतात. घोळका दाट होत होत अखेर स्वतःच्या गुरुत्वाने हळुवारपणे मिटतो आणि एका झपाट्यात दहा ते शेकडो किलोमीटरची ग्रहिका तयार होते. मीटरची पायरी चढावीच लागत नाही, ती ओलांडली जाते. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान नेपच्यूनपलीकडच्या आरोकॉथजवळून गेले, तेव्हा सुमारे ३५ किलोमीटर लांबीची, दोन गोळे अलगद टेकून जोडले गेल्यासारखी वस्तू दिसली. जोडावर जोरदार टकरीची खूण नाही. ते छायाचित्र मी प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ स्क्रीनसमोरून उठलो नव्हतो, कारण आमच्या गणितातून निघणारी जोडगोळी नेमकी अशीच दिसते.

ग्रहिका झाल्यानंतरची वाढ तुलनेने सोपी आहे. मोठीचे गुरुत्व अधिक, म्हणून ती अधिक गोळा करते. शिवाय वायूमुळे वेग गमावलेले खडे तिच्याभोवती वळसे घेत तिच्यावर येऊन पडतात, आणि या मार्गाने वाढ फार वेगाने होते. येथे तुमच्या पाठ्यपुस्तकातील हिमरेषा कामाला येते. आपल्या चकतीत ती साधारण तीन खगोलीय एककांच्या आसपास होती. तिच्या पलीकडे पाण्याचा बर्फ घन असल्यामुळे बांधकामाचे सामान वाढते, आणि दहाएक पृथ्वी-वस्तुमानाचा गाभा वायू विरण्यापूर्वी तयार होऊ शकतो. एवढा गाभा झाला की भोवतालचा वायू त्यावर थांबून न राहता कोसळू लागतो आणि ग्रह अल्पकाळात फुगतो. आपल्या गुरूच्या बाबतीत याचा माग अशनींमध्ये मिळतो. अशनींचे समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) दोन स्पष्ट गट पडतात, आणि २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणाचा निष्कर्ष असा की सूर्यमाला सुरू झाल्यापासून दहा लाख वर्षांच्या आत गुरूचा गाभा सुमारे २० पृथ्वी-वस्तुमानांचा होऊन त्याने आतल्या-बाहेरच्या सामानाची ये-जा रोखली होती. घन पदार्थांत सर्वांत जुने ठरलेले, कॅल्शियम आणि अॅल्युमिनियमने समृद्ध असे अशनींतील पांढरट ठिपके ४५६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. सूर्यमालेचे वय मोजायचे ते त्यांच्यापासून.

चकतीत ग्रह घडत असताना प्रत्यक्ष पाहणेही आता शक्य झाले आहे. चिलीतील सुमारे पाच हजार मीटर उंचीच्या पठारावर ६६ अँटेनांची आल्मा दुर्बीण आहे. तिने २०१४ मध्ये वृषभ राशीतील एच.एल. टौरी या ताऱ्याचे चित्र दिले. दहा लाख वर्षेही न झालेल्या त्या ताऱ्याभोवतीच्या चकतीत एकाआड एक उजळ कडी आणि काळ्या फटी दिसल्या. सगळ्याच फटी ग्रहांनी पाडल्या आहेत असे मी म्हणणार नाही, दाबातील चढउतारही अशी कडी बनवू शकतात. पण पी.डी.एस. ७० या सुमारे ५० लाख वर्षे वयाच्या ताऱ्याभोवती शंकेला जागा नाही. तेथील मोठ्या फटीत २०१८ मध्ये एक आणि २०१९ मध्ये दुसरा ग्रह दिसला, आणि दुसऱ्याभोवती त्याची स्वतःची छोटी चकतीही २०२१ मध्ये आढळली. तिच्यातून उपग्रह घडू शकतात.

आता तुमचा खरा प्रश्न. १९९५ मध्ये मायर आणि केलोझ यांना ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह ४.२३ दिवसांत फिरताना सापडला. याच शोधासाठी २०१९ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. तो ग्रह ताऱ्यापासून केवळ ०.०५ खगोलीय एकक दूर आहे. तेथे बर्फ तर नाहीच, खडकाची धूळही जेमतेम टिकेल, आणि त्या चिंचोळ्या पट्ट्यात दहा पृथ्वींएवढे घन सामान जमवणे फार कठीण आहे. म्हणून तो बहुधा बाहेर जन्मून आत आला असे मानावे लागते. आणि आत येण्याची यंत्रणा नव्याने शोधावी लागलीच नाही. गोल्डराइश आणि ट्रेमेन यांनी ती १९८० मध्येच लिहून ठेवली होती; तिचा उपयोग कोणाला फारसा वाटला नव्हता एवढेच.

ती यंत्रणा अशी. ग्रहाच्या गुरुत्वामुळे चकतीत सर्पिल लाटा उठतात. आतल्या बाजूची लाट ग्रहाला पुढे ढकलते, बाहेरची मागे ओढते, आणि दोन्ही सारख्या नसल्याने सामान्यतः बाहेरचीची सरशी होते. ग्रह कोनीय संवेग गमावून आत सरकतो. पृथ्वीएवढ्या ग्रहासाठी हा प्रवास काही लाख वर्षांत होऊ शकतो, म्हणजे चकतीच्या आयुष्याहून कमी वेळात. गुरूएवढा ग्रह स्वतःभोवती फट पाडतो आणि चकतीबरोबर अधिक संथपणे सरकतो. मग तो ताऱ्यात पडत का नाही? तरुण ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र चकतीचा आतला भाग रिकामा करते, आणि चकतीची कड आपल्याला तप्त गुरू (ताऱ्याच्या इतके जवळ असलेले गुरूसारखे ग्रह) सापडतात साधारण त्याच अंतरावर येते. वायू संपला की लाटा संपल्या, आणि ग्रह तेथे थांबतो.

परंतु आत येण्याचा हा एकच मार्ग नाही, आणि कोणत्या ग्रहाने कोणता धरला हे ओळखणे हे आमच्या कामातील सर्वांत रंगतदार प्रकरण आहे. दुसऱ्या मार्गात चकतीचा संबंध नसतो. चकती गेल्यानंतर दोन-तीन मोठे ग्रह एकमेकांना ओढून अस्थिर होतात, किंवा दूरचा एखादा जोडतारा ग्रहाची कक्षा हळूहळू लांबट करतो. यातील दुसऱ्या परिणामाचे गणित लिडोव्ह आणि कोझाई यांनी १९६२ च्या सुमारास केले होते. कक्षा पुरेशी लांबट झाली की ग्रह दर फेरीत ताऱ्याच्या अगदी जवळून जातो, भरती-ओहोटीच्या घर्षणाने ऊर्जा गमावतो, आणि कक्षा आक्रसून गोल होते. एच.डी. ८०६०६ या ताऱ्याचा ग्रह या वाटेवर अर्ध्यातच सापडला आहे असे मला वाटते. त्याच्या कक्षेची विकेंद्रता (लांबटपणाचे माप, गोल कक्षेसाठी शून्य) ०.९३ असून तो १११ दिवसांतून एकदा ताऱ्याजवळून भाजून निघत परत जातो. हे उपद्व्याप कक्षेचा कलही बदलतात. वास्प-१७ चा ग्रह तर ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो, आणि शांत चकतीत नुसते सरकून असे होणे अवघड आहे. याउलट वास्प-४७ च्या तप्त गुरूच्या आतही आणि बाहेरही लहान ग्रह शाबूत आहेत. लांबट कक्षेतून घुसलेल्या ग्रहाने ते केव्हाच उधळून लावले असते, म्हणून तो चकतीतून सावकाश आला असावा. तेव्हा कोणी तप्त गुरू दाखवला की आधी त्याच्या कक्षेचा कल, विकेंद्रता आणि शेजारी विचारावेत.

अशा ग्रहांची दोन उदाहरणे आपल्या देशाशी जोडलेली आहेत. माउंट अबूच्या गुरुशिखरावरील पारस या वर्णपटमापकाच्या आधारे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये टी.ओ.आय. १७८९ भोवतीचा ग्रह जाहीर केला. त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे ७० टक्के आणि फेरी ३.२ दिवसांची आहे. दुसरे उदाहरण नावाचे. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या उपक्रमात एच.डी. ८६०८१ या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून बिभा आणि त्याच्या ग्रहाला संतमस हे नाव भारताकडून दिले गेले. संतमसाचे वर्ष आपल्या दोन दिवसांहून थोडेच मोठे आहे.

एक गोष्ट मात्र प्रमाणात ठेवा. तप्त गुरू लवकर सापडले कारण ते शोधायला सोपे होते. सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांमागे जेमतेम एकाजवळ असा ग्रह असतो. आजवर सहा हजारांहून अधिक बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह) पक्के झाले आहेत, आणि केप्लर दुर्बिणीने २००९ ते २०१८ या काळात दाखवून दिले की ताऱ्याजवळ सर्वांत जास्त आढळणारा ग्रह पृथ्वीहून मोठा आणि नेपच्यूनहून लहान असतो. आपल्या सूर्यमालेत असा एकही ग्रह नाही. ज्या नमुन्यावर आपण दोनशे वर्षे सिद्धांत बसवत होतो त्याच्यात सर्वांत सामान्य वस्तूच नव्हती, हे कळल्यावर आम्हा सर्वांनाच आपली गृहीतके पुन्हा तपासावी लागली.

हे लहान ग्रह अनेकदा पाच-सहाच्या गटात असतात, आणि ते चकतीत एकत्र सरकत आले तर एकमेकांशी अनुनादात अडकतात. झोक्याला दर वेळी योग्य क्षणी ढकलले की लहान धक्काही साठत जातो. ग्रहांचे फेरीकाळ साध्या गुणोत्तरात असले की त्यांचे परस्परांना बसणारे धक्के असेच साठतात आणि गुणोत्तर टिकवून धरतात. एच.डी. ११००६७ ची सहा ग्रहांची माला २०२३ मध्ये उलगडली. तिचे फेरीकाळ ९.११, १३.६७, २०.५२, ३०.७९, ४१.०६ आणि ५४.७७ दिवस आहेत. कागद घेऊन भागाकार करून पाहा: पहिल्या तीन जोड्यांत तीनास दोन, शेवटच्या दोन जोड्यांत चारास तीन. अब्जावधी वर्षे ही साखळी तुटलेली नाही. ट्रॅपिस्ट-१ चे सात ग्रहही अशाच साखळीत आहेत. पण बहुसंख्य मालांत अशी साखळी आढळत नाही, आणि त्याचे आजचे सर्वोत्तम स्पष्टीकरण असे की चकतीचा वायू गेल्यावर बहुतेक साखळ्या तुटतात, ग्रह एकमेकांवर आदळतात, आणि उरलेले विस्कळीत अंतरांवर स्थिरावतात. आपल्याकडेही महाकाय ग्रह जन्मजागी राहिलेले नाहीत. नेपच्यून बाहेर सरकला, आणि त्याने आपल्याबरोबर अनुनादात ढकलत नेलेला प्लूटो आजही त्याच्याशी तीनास दोन या गुणोत्तरात बांधलेला आहे.

ग्रह जागेवर बसला तरी बदल थांबत नाही. पृथ्वीच्या त्रिज्येच्या दीडपट ते दुप्पट या दरम्यानचे ग्रह विरळ असल्याचे २०१७ मध्ये अचूक मोजमापांतून स्पष्ट झाले. या दरीच्या खालच्या बाजूला उघडे खडकाळ ग्रह आहेत आणि वरच्या बाजूला हलक्या वायूचे आवरण टिकवून असलेले. तरुण ताऱ्याचे क्ष-किरण आणि अतिनील किरण काहींचे आवरण उडवून लावतात, काहींचे त्यांच्या गाभ्याच्याच उष्णतेने निसटते. दोन्हींपैकी कोणते कारण प्रबळ यावर वाद चालू आहे, आणि माझा कल दोन्ही मिळून असावीत असा आहे. तप्त गुरूंनाही कायमचा मुक्काम नसतो. वास्प-१२ च्या ग्रहाचा फेरीकाळ दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटतो आहे, आणि हा दर असाच राहिला तर काही दशलक्ष वर्षांत तो ताऱ्यात विलीन होईल.

तुम्ही शेवटी विचारले होते की यातले काही सोलापुरातून दिसू शकते का. ग्रह दिसणार नाही, पण तारा दिसेल. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री आठच्या सुमारास भाद्रपदांचा मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या पश्चिम बाजूचे दोन तारे म्हणजे पूर्वा भाद्रपदा. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्याजवळ, किंचित पश्चिमेला, एक फिकट तारा आहे. तोच ५१ पेगासी. त्याची प्रत (तेजस्वितेचे माप, आकडा मोठा तितका तारा फिकट) ५.५ असल्यामुळे शहरातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. द्विनेत्री घ्या, किंवा घरच्यांना बरोबर घेऊन नान्नजच्या बाजूच्या एखाद्या माळावर, वस्तीच्या दिव्यांपासून दूर जा, आणि डोळे अंधाराला सरावण्यासाठी वीस मिनिटे द्या. आपल्या अक्षांशावरून तो माथ्यापासून केवळ तीन अंशांवरून जातो. तो दिसला की तारीख लिहून ठेवा, आणि पाच दिवसांनी त्याच वेळी पुन्हा पाहा. तोपर्यंत त्याच्या ग्रहाचे एक वर्ष उलटून गेलेले असेल.